आधी सांगायचं असतं

१२ फेब्रुवारी

प्रिय मासोळी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू नाक मुरडलं असशील. मुरड, पण फेकून द्यायच्या आधी एवढी एक ओळ वाच. आपली मुकादम गेली.

आजारी बिजारी काही नव्हती. सकाळी तलावावर पोहण्याचा वर्ग घेतला, घरी आली, ओले कपडे दोरीवर टाकले, चहा केला आणि खुर्चीत बसली. भावजय भाजी घेऊन आली तेव्हा चहा अर्धा उरला होता आणि ही गेलेली होती. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हटलं, तिच्या हृदयाला कधी काही झालेलं मी पन्नास वर्षांत बघितलं नाही. ते म्हणाले, असंच होतं. अँब्युलन्स आली ती चालवत होती तिचीच एक शिष्या. ती बिचारी स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली, मग मीच जाऊन तिला खाली उतरवलं.

तुला फोन करणार होते. तुझ्या चुलतभावाकडून नंबर मिळवला, लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. तू फोनवर गप्प राहिली असतीस तर मला ते झेपलं नसतं. पत्राचं बरं असतं, समोरचं माणूस गप्प आहे की पोस्ट उशीर करतंय हे कळत नाही.

त्या दिवशी तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं पाण्यात उतरवलेल्या बायकाच किती. पण कुणी कुठं उभं राहायचं, कुणी पाणी आणायचं, कुणी भावाजवळ बसायचं हे ठरवायला कुणी नव्हतं, त्यामुळे सगळ्या एकमेकींच्या पायात येत होत्या. मला सारखं वाटत होतं, आता ती आतल्या खोलीतून येईल आणि आम्हाला उंचीप्रमाणे उभं करेल. तुला आठवत असेल, शाळेत बाकावर कुणी खिडकीशी बसायचं याचाही तिनं क्रम लावला होता, आणि स्वतः कायम मधे. तिला मुकादम हे नाव तू ठेवलंस की गणिताच्या बाईंनी, यावर आपलं एकमत कधी झालं नाही. माझं कुरकूर मात्र तूच ठेवलंस, ते मी विसरलेली नाही.

माझं दुकान तेच आहे, जिन्याखालचं. पँटी आखूड करते, कुणाची कंबर सैल करते, आणि वर्गातल्या बायकांचे पोहायचे कपडे शिवते. आता ते काम किती दिवस असेल कुणास ठाऊक.

उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. दिलंस तर बरं वाटेल.

कुरकूर


४ मार्च

प्रिय मासोळी,

उत्तर नाही. ठीक आहे, पोस्टाला दोष देते.

यावेळी कामाचं लिहिते. तलावाचा मॅनेजर म्हणतो, बायकांच्या सकाळच्या वर्गाला दाखला असलेली शिक्षिका मिळाली नाही तर एप्रिलअखेर ती वेळ शर्यतीच्या मुलांना देणार. माणूस वाईट नाही, पण त्याला भिंतीवर कप लावायचे आहेत, आणि साठीच्या बायका उथळ बाजूला तरंगल्या म्हणून कुणी कप देत नाही. तुझ्याकडे दाखला आहे. तू निवृत्त झालीस असंही कानावर आलंय. येशील का? महिनाभर तरी?

तू म्हणशील, या शहरात शिकवणारे कमी आहेत का. शिकवणारे आहेत. तिच्यासारखं शिकवणारं नाही. तू तिच्याबरोबर वर्ग घेणं सोडून गेलीस त्याला आता वीसेक वर्षं होतील, म्हणून सांगते ती कसं शिकवायची.

ती कधी काठावर उभी राहून शिट्टी वाजवायची नाही. पाण्यात उतरायची, शिकणारीला आडवी करून तिच्या पोटाखाली दोन्ही तळवे धरायची आणि उलटी चालायची. मागे न बघता, सरळ रेषेत, अख्खा तलाव. तोंड समोरच्या बाईच्या तोंडासमोर. चालता चालता तिच्या नोकरीतल्या, टेलिफोन ऑफिसातल्या गोष्टी सांगायची. कोण साहेब कुणाला चुकून काय बोलला, कुठले नवरा-बायको भांडताना लाइन धरून ठेवायचे. आणि मधेच विचारायची, "सोडू?" बाई "नको" म्हणाली की ही म्हणायची, "बरं." आणि परत चालायला लागायची. बाईनं स्वतःच्या तोंडानं "सोड" म्हटल्याशिवाय तिचे हात निघत नसत. आणि निघाले की लगेच दोन्ही हात पाण्याबाहेर वर करायची, कोपरांतून पाणी गळतंय, म्हणजे बाईला दिसावं की खाली आता खरंच काही नाही. कुणाला आठवडा लागला, कुणाला वर्ष. ती अँब्युलन्सवाली, रस्त्यावर लाल दिव्याला भीक न घालणारी, पाण्यात तिनं मुकादमला किती महिने उलटं चालवलं विचारू नकोस.

हे सगळं कुठून आलं हे तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. पण तू बाहेरून बघितलंस आणि मला ते आतून आठवतं. सातवीत पी.टी.च्या सरांनी मला काखेत उचललं आणि "आपोआप येतं" म्हणत खोल बाजूला टाकलं. हिरवं पाणी, नाकातोंडात क्लोरीन, आणि वर पांढरा उजेड. मला ओढून वर तू आणलंस, ते मी कधी नाकारलेलं नाही. पण वर आल्यावर हनुवटीखाली आला तो हात तिचा होता. तिला तेव्हा धड पोहता येत नव्हतं. गणवेश, बूट, मोजे सगळ्यासकट एका हातानं कठडा धरून ती पाण्यात उतरली होती. नंतर सरांसमोर उभी राहिली, फरशीवर थारोळं झालेलं, आणि म्हणाली, "सर, आधी सांगायचं असतं." सर हसले. ती हसली नाही. परत म्हणाली, "सर, आधी सांगायचं असतं." शेवटी सरच म्हणाले, "बरं बाई, सांगेन." तेव्हा कुठं ती बाजूला झाली. त्या वयात मी सरांच्या सावलीला घाबरायचे.

विचार कर. राहायला माझ्या दुकानावरची खोली आहे. खिडकीतून बेकरीचा वास येतो, तेवढा चालवून घे.

कुरकूर


२१ मार्च

मासोळी,

तुझं कार्ड मिळालं. यावेळी "प्रिय" मुद्दाम लिहिलेलं नाही.

"वाईट वाटलं. वर्गासाठी येणार नाही. ज्या पाण्यातून तिनं मला सगळ्यांदेखत बाहेर काढलं, तिथं तिच्या नियमानं उभी राहणार नाही. आणि आमच्या वेळी ती 'सोडते' असं सांगायची. हे 'सोडू?' कुठून आलं?" बस्स. चार ओळी. एवढ्या लांबून एवढी काटकसर.

आता माझं ऐक. त्या दिवशी मी काठावर टॉवेल घेऊन बसले होते, मला सगळं दिसलं. माझ्या दुकानाशेजारची बेकरीवाली तेव्हा शिकत होती, ती तुझ्या हातांवर होती. तू तिला न सांगता हात काढलेस आणि ती पोहली. अख्खी रुंदी. काठाला लागली तेव्हा तिचं तोंड लाल झालं होतं. आणि मुकादम तुला म्हणाली, "तू पाण्यातून बाहेर हो." तू म्हणालीस, "ती पोहली ना?" ती म्हणाली, "पोहली. पण उद्या तुझ्या हातांवर भरवसा ठेवेल का?" तू टोपी काढलीस, ओल्या पायांनी निघून गेलीस, आणि महिन्याभरात दुसऱ्या शहरात नोकरी धरलीस.

तुझंही काही खोटं नव्हतं. तू शिकवलेली मुलं शर्यती जिंकतात, त्यांना कुणी "सोडू का" विचारत बसलं तर ती कधी जिंकायची? आणि तिचंही खोटं नव्हतं. मी तेव्हाही हेच म्हणत होते, पण दोघींना माझं ऐकायला वेळ नव्हता. दोघी एकमेकींना पाण्यात बघत राहिलात आणि मी काठावर टॉवेल सांभाळत बसले. मैत्रिणींमधलं भांडण फार वाईट, बाई. घरातलं असतं तर जेवायला तरी एकत्र बसावं लागलं असतं.

ती हट्टी होती. मान्य. पण तो हट्ट तिनं कधी स्वतःसाठी केला नाही. टेलिफोन ऑफिसात होती तेव्हा वेळ संपली की बाकीच्या ऑपरेटर सरळ लाइन तोडायच्या. ही मधे येऊन सांगायची, "आता तोडते हं, काय राहिलंय ते बोलून घ्या." साहेबानं झापलं तरी सांगायची. एकदा एक म्हातारा तिला शोधत ऑफिसात आला. मुलाशी शेवटचं बोलणं झालं होतं त्याचं, ते तिनं सांगितल्यामुळे पुरतं झालं होतं. त्यानं तिला बघितलं, मान हलवली आणि गेला. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, आणि सांगताना उगाच कपाटातले कपडे घडी करत होती.

"सोडू?" कुठून आलं म्हणतेस, तर खरंच, आधी ती "सोडते" म्हणायची. कधी बदललं ते मला आठवत नाही. एका सकाळी ऐकलं आणि वाटलं, वय झालं, मऊ झाली.

तू येऊ नकोस. ठरलं तर ठरलं. आम्ही अशाच अर्ध्यावर लोंबकळत राहू. एप्रिल संपेल, मुलं येतील, कप येतील.

कुरकूर


३ एप्रिल

प्रिय मासोळी,

"'आम्ही' म्हणजे कोण?" एवढंच लिहिलंयस. शाळेतही तू अशीच होतीस, पानभर निबंधातली नेमकी चूक तुला दिसायची.

बरं. सांगते. आम्ही म्हणजे वर्गातल्या बायका, आणि मी.

हसू नकोस. माझ्या सुनेलाही हे माहीत नाही, तिला वाटतं मी सकाळी मापं घ्यायला जाते. मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. मी म्हटलं, डॉक्टर, मी पाण्याचे कपडे शिवते, पाण्यात जात नाही. घरी येऊन मुकादमला चेष्टेत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "उद्या कापड कापायला घे." मी स्वतःचं माप स्वतः घेतलं, आयुष्यभर इतरांच्या कमरा ओळखल्या, आणि माझाच कॉस्च्युम कमरेत घट्ट झाला.

पहिले काही दिवस पायरीवर बसूनच गेले. ती शेजारी बसायची, पाय पाण्यात सोडून. मग कमरेएवढ्या पाण्यात. मग एकदा तिनं तळवे समोर धरले आणि मी त्यावर आडवी झाले. सातवीनंतर पहिल्यांदा माझे पाय जमिनीवर नव्हते. ती उलटी चालायला लागली. मी छताकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत नव्हते, फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते. पिकलेल्या भुवया, नाकाच्या शेंड्यावर थेंब. पन्नास वर्षांत मी तिचं तोंड इतकं जवळून आणि इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

"सोडू?"

"नको."

"बरं."

हे किती वेळा झालं मला माहीत नाही. सगळा हिवाळा गेला. तो "बरं" तू ऐकायला हवा होता. त्यात उसासा नव्हता, कंटाळा नव्हता, समजूत घालणंही नव्हतं. दुकानात कुणी "आज नको, उद्या नेते" म्हणालं तर मी "बरं" म्हणते, पण माझ्या कपाळावर आठी येते. तिच्या कपाळावर कधी आली नाही. माझ्यानंतर आलेल्या बायका पोहून पलीकडे जायच्या, हात हलवायच्या, आणि ही माझ्या पोटाखाली हात धरून उलटी चालत असायची, जणू तिला जगात दुसरं काही काम नाही. माझ्यापाशी कुणी इतका वेळ इतकं शांतपणे थांबलेलं नाही, माझी आई धरून.

शेवटच्या सकाळी तिनं विचारलं, "सोडू?" मी म्हणणार होते. खरंच म्हणणार होते, जिभेवर होतं. आणि म्हणाले, "उद्या."

"बरं, उद्या," ती म्हणाली. त्याच दुपारी ती गेली.

मला तिचा राग येतो, मासोळी. कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. परक्यांच्या फोनची लाइन तोडायची तर आधी सांगायची. आणि आपली वेळ आली तेव्हा तिनं कुणाला एक शब्द सांगितला नाही. मी अजून तिच्या हातांवरच आहे. दुकानात मशीन चालवताना मधेच पोटाखाली तळवे जाणवतात, आणि मग आठवतं.

मॅनेजरनं तलावाच्या दारावर नोटीस लावली आहे. मी वाचली नाही, बेकरीवालीनं सांगितलं.

कुरकूर


१४ एप्रिल

प्रिय मासोळी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण हे तुझं आहे आणि माझ्याकडे ठेवून घेणं बरं नाही.

काल बेकरीवाली दुकानात आली, कॉस्च्युमचं इलॅस्टिक बदलायला. मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. तुझ्या कार्डाचं मी तिला सांगितलं, म्हटलं, तुझ्यावरून झालेलं भांडण अजून चाललंय. तिनं कॉस्च्युमचं जुनं इलॅस्टिक ताणून बघितलं. मग म्हणाली, "ताई, मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"हात काढले ते. पाणी गार होतं, हात गरम. पोटाखालची ऊब गेली तशी लगेच कळलं. मी थांबू शकले असते, पाय टेकता येत होते. पण मला वाटलं, बघू या. म्हणून गेले पुढं."

मी मशीनचं चाक हातानं थांबवलं. म्हटलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काठाला लागले, दम खात वर बघते तर त्या दोघींची जुंपलेली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी मासोळीताई आल्याच नाहीत."

म्हणजे बघ. तू तिला फसवलं नव्हतंस. तिच्या भरवशाला तडा गेला नव्हता. तुमच्या दोघींचा एवढा मोठा तंटा जिच्यावरून झाला, ती तिथंच तीन हातांवर कठडा धरून उभी होती, आणि तिला विचारायचं तुमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही, मी टॉवेल धरून होते.

अजून आहे. बेकरीवालीनं हे मुकादमला सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी, पाव द्यायला गेली तेव्हा. मुकादम ऐकून पिशवीची गाठ सोडत बसली. सुटलेली गाठ परत बांधली, परत सोडली. मग म्हणाली, "मी सगळ्यांना आधी सांगते म्हणून मिरवत होते. विचारलं मात्र तुला नाही." दुसऱ्या सकाळपासून वर्गात "सोडते" बंद झालं आणि "सोडू?" सुरू झालं. तू विचारलंस ना कुठून आलं. तिथून आलं. तुझ्यावरून आलं.

आता तू म्हणशील, मग मला का नाही कळवलं. बेकरीवालीनंही तेच विचारलं होतं. मुकादम म्हणाली, "हे पत्रात लिहायचं नसतं. समोर उभं राहून सांगायचं असतं." तुझ्या शहरात ती शर्यती बघायला गेली होती, हे मला माहीत होतं, पण कशासाठी ते माहीत नव्हतं. वरच्या रांगेत बसली होती. तू खाली घड्याळ घेऊन काठाकाठानं धावत होतीस. परत आल्यावर मी विचारलं, भेटलीस का? म्हणाली, "ती कामात होती. पण काय वळवते गं पोरांना, भिंतीला पाय लागतात न लागतात तोवर पोर परत निघालेलं असतं. मला शंभर वर्षांत जमायचं नाही." आणि हे तिनं वर्गात सगळ्या बायकांना सांगितलं, माझी मैत्रीण आहे म्हणून सांगितलं. मी तुला आधीच्या पत्रांत हे लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुला ते गोड बोलून ओढणं वाटेल.

ही गोष्ट ऐकून तू जिंकल्यासारखी येऊ नयेस, आणि हरल्यासारखीही नाही. यायचं तर ये. मी आता हात जोडत नाही. ती समोर उभं राहून जे सांगणार होती ते मी पत्रात सांगितलं, त्याबद्दल ती माझ्यावर चिडली असती.

कुरकूर


१६ मे

प्रिय मुकादम,

यावेळी तुलाच लिहिते. पोस्टात टाकायचं नाही म्हणून तिकिटाचा प्रश्न नाही.

ती आली. आठ दिवसांसाठी म्हणून आली, आणि बॅग अजून माझ्या वरच्या खोलीत आहे. बेकरीच्या वासानं भूक लागते म्हणून रोज तक्रार करते आणि रोज दोन पाव खाते. मॅनेजरनं तिला ओळखलं आणि उभाच राहिला. दारावरची नोटीस त्यानं स्वतः काढली. वर्ग राहिला, मुकादम. मुलांना त्यानं दुपारची वेळ दिली.

पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरली आणि मला म्हणाली, "ती कुठं उभी राहायची?" मी दाखवलं, पायऱ्यांपलीकडे, जिथं फरशीचा कोपरा तुटलाय. ती तिथं जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग पाण्याखाली गेली आणि वर आली तेव्हा सगळं तोंड ओलं होतं, त्यामुळे मी काही बघितलं असं म्हणता येणार नाही. बेकरीवाली तिच्याजवळ गेली. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही, पण शेवटी दोघी हसत होत्या आणि मासोळी तिला खांद्यानं ढकलत होती.

तिला उलटं चालायला जमत नाही. दर दोन पावलांना मागं बघते, वाकडी जाते, दोरीला अडकते. एवढी पदकं मिळवली, आणि अँब्युलन्सवाली तिला सांगते, "ताई, डावीकडं." तुझं उलटं चालणं इतकं सोपं नव्हतं हे आम्हाला आत्ता कळतंय.

मग माझी पाळी आली. तिचे हात तुझ्यापेक्षा कडक आहेत, फळी धरल्यासारखे. चार पावलं गेली नाहीत तोच म्हणाली, "सोडू?" मी म्हटलं, "नको." ती थांबली. तिचा जबडा आवळलेला दिसला मला. ती म्हणाली, "बरं." कडू औषध गिळावं तसा तो "बरं" गिळला तिनं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो थोडा सैल झाला. आणि एके सकाळी, कुणास ठाऊक कितव्या, ती "बरं" म्हणाली आणि मी चमकून बघितलं, कारण तो तुझा होता. तसाच. आठी नाही, उसासा नाही. मी तिला ते सांगितलं नाही, नाहीतर ती बिघडवून ठेवेल.

परवा तिनं विचारलं, "सोडू?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हातारी झालीय गं ती. नाकाच्या शेंड्यावर थेंब होता. मी म्हटलं, "सोड."

बेकरीवाली म्हणते ते खरं आहे, ऊब गेली की कळतं. समोर मासोळीचे दोन्ही हात वर होते, कोपरांतून पाणी गळत होतं. मी पोहले असं म्हणणं जरा जास्त होईल. हातपाय मारले, थोडं बुडाले, बरंचसं पाणी प्यायले, आणि कठडा हाताला लागला. सगळ्या बायका ओरडत होत्या. मासोळी म्हणाली, "गुडघे वाकवतेस फार." मी म्हटलं, गुडघ्यांसाठीच आले होते.

आज एक नवी बाई आली. औषधांच्या दुकानात असते, लहानपणी कुणीतरी विहिरीत ढकललेली. पायरीवर बसून कठडा घट्ट धरून होती. मासोळी दुरून म्हणाली, "कुरकूर, हिला तू बघ. ही भीती मला माहीत नाही, तुला माहीत आहे." मी तिच्याशेजारी बसले, पाय पाण्यात सोडून. टेलिफोनच्या गोष्टी मला येत नाहीत, म्हणून कुणाची कंबर किती आणि ती किती सांगते याच्या गोष्टी सांगितल्या. ती हसली. उद्या कदाचित कमरेएवढ्या पाण्यात येईल. नाही आली तर म्हणेन, "बरं."

तू न सांगता गेलीस, याचा राग अजून आहे आणि राहील. पण माझं "उद्या" तू ऐकलंस आणि "बरं" म्हणालीस, तेव्हा तुझ्याकडून तर काही राहिलं नाही. उत्तर माझ्याकडचं राहिलं होतं. इतके दिवस मी चालताना, शिवताना, जिना चढताना तुझे तळवे पोटाखाली आहेत असं धरून होते. मीच धरून होते. उद्या माझ्या हातांवर दुसरं कुणी असेल, तेव्हा ते रिकामे असायला हवेत.

आधी सांगायचं असतं, म्हणून सांगते. मुकादम, आता सोडते. पेन खाली ठेवते आणि दोन्ही हात वर करते, म्हणजे तुला दिसतील.

तुझी,
कुरकूर